डिस्चार्ज बुकातली एक तारीख : माजी सैनिकाच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचं प्रकरण

गडहिंग्लज तालुक्यातलं एक कुटुंब. वडील पायदळातून हवालदार म्हणून २०२० मध्ये निवृत्त झाले, वीस वर्षांची नोकरी करून. आता ते कोल्हापुरात एका बँकेच्या शाखेत सशस्त्र रक्षक आहेत. आमच्या भागात फौजेतून आलेल्या माणसाला हुद्दा कोणताही असो, मेजरच म्हणतात, म्हणून इथेही मी त्यांना मेजरच म्हणते. आई गावाकडचं घर आणि दीड एकर ऊस बघते. मोठी मुलगी २०२५ मध्ये बारावी होऊन अभियांत्रिकीला लागली, धाकटा त्याच वर्षी दहावी पास झाला.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात शिष्यवृत्त्यांचं काम बघते. हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि अशाच आणखी एका घरातल्या दोन गोष्टी यात मिसळल्या आहेत. लिहिण्याचं कारण एवढंच की या जिल्ह्यात फौजेतली माणसं गावोगाव आहेत. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच सैनिक टाकळी. तरीही मुलांच्या शिक्षणासाठी असलेल्या सवलती यातल्या कितीतरी घरांत पोहोचत नाहीत. आणि बहुतेक वेळा पात्रता नसते म्हणून हे होत नाही. कागद उशिरा हलतो, म्हणून होतं.

मेजर पहिल्यांदा आले ते मुलीच्या प्रवेशानंतर. हातात प्लास्टिकची फाइल, त्यात पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक म्हणजे फौजेतून सुटताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, माजी सैनिक ओळखपत्र, सगळं लॅमिनेशन करून ठेवलेलं. प्रश्न साधा होता. "मॅडम, आम्हा फौजी लोकांच्या पोरांना काय तरी मिळतंय म्हणत्यात. काय मिळतंय?"

त्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण सवलती चार वेगवेगळ्या दारांतून येतात आणि प्रत्येक दाराची वेळ वेगळी आहे.

पहिलं दार प्रवेशाचं. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत संरक्षण दलातल्यांच्या मुलांसाठी ५ टक्के जागा असतात. राज्याचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांची मुलं त्यातल्या 'डेफ-१' प्रकारात येतात. पण त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला नोंदणीच्या वेळी जोडावा लागतो. मेजर आमच्याकडे आले तेव्हा फेऱ्या संपत आल्या होत्या. मुलीने सायबर कॅफेत फॉर्म भरला होता आणि 'डिफेन्स' या रकान्यापुढे 'नाही' टाकलं होतं. कॅफेवाल्याने विचारलं, "वडील सध्या मिलिटरीत आहेत का?" ती म्हणाली, "आता नाहीत." तिचं उत्तर खरंच होतं! संगणक हवा होता, मेकॅनिकल मिळालं. राखीव जागेवर संगणक मिळालाच असता असं मी म्हणणार नाही, त्या जागाही गुणांवरच भरतात. पण रांगेत उभं राहण्याचा हक्क होता, तो गेला.

दुसरं दार राज्याच्या फी सवलतीचं, म्हणजे महाडीबीटी हे राज्याचं शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागलेल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. त्याचा फौजेशी संबंध नाही, पण या घरासाठी सगळ्यात मोठी रक्कम तीच होती. मेजरांना वाटत होतं की पेन्शन उत्पन्नात धरत नाहीत. धरतात. पेन्शन आणि बँकेचा पगार मिळूनही ते आठ लाखांच्या बरेच आत होते, त्यामुळे तहसीलदारांचा दाखला सेतूतून सरळ मिळाला. याच पोर्टलवर माजी सैनिकांच्या मुलांसाठी वेगळी शैक्षणिक सवलतही आहे. ती उच्च शिक्षण संचालनालयाच्या योजनांच्या यादीत असल्यामुळे अभियांत्रिकीची मुलं तिकडे बघतच नाहीत.

तिसरं दार पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेचं. खरं प्रकरण इथे सुरू होतं.

ही योजना २००६-०७ पासून चालू आहे. दिल्लीतलं केंद्रीय सैनिक बोर्ड ती चालवतं, पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. वर्षाला ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलांना, निम्म्या मुलींना. मुलाला महिन्याला २,५०० रुपये, मुलीला ३,०००, म्हणजे तिला वर्षाचे ३६,०००. अभियांत्रिकी, वैद्यकीय, बी.एड., एमबीए असे मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रम यात येतात. साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. येत नाही. प्रवेशासाठी लागणाऱ्या परीक्षेत ६० टक्के हवेत आणि पुढे दरवर्षी ५० टक्के राखावे लागतात. उत्पन्नाची अट नाही. निवड प्राधान्यक्रमाने होते. युद्धात कामी आलेल्या, जखमी झालेल्या, सेवेत मृत्यू किंवा अपंगत्व आलेल्या सैनिकांची मुलं आणि शौर्यपदक मिळवलेल्यांची मुलं आधी, मग सहाव्या गटात अधिकारी हुद्द्याखालच्या सर्वसाधारण माजी सैनिकांची. मेजरांची मुलगी या सहाव्या गटात. तिथे स्पर्धा गुणांची, आणि तिला बारावीला ७८ टक्के होते.

या योजनेचा एक नियम पालकांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे : नवा अर्ज पहिल्या वर्षातच करायचा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसारखे अपवाद सोडले, तर दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलाला दार बंद. या मुलीच्या बाबतीत पहिलं वर्ष चुकलं असतं तर चार वर्षांचे १,४४,००० रुपये एका फटक्यात गेले असते. आमच्याकडे दरवर्षी तिसऱ्या वर्षातली मुलं येतात, "सर्व्हिसमनचा फॉर्म असतोय ना तो भरायचाय" म्हणत. त्यांना नाही म्हणताना फार वाईट वाटतं, कारण पोरगं हुशार असतं, बाप वीस-वीस वर्षं सीमेवर राहिलेला असतो आणि सगळं अडलेलं असतं ते कुणी वेळेवर सांगितलं नाही म्हणून.

मेजरांना मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठवलं. अर्ज केंद्रीय बोर्डाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरतात, पण मूळ कागद पडताळून तो पुढे पाठवायचं काम या कार्यालयाचं. तिथल्या लिपिकांनी डिस्चार्ज बुकातलं कुटुंबाचं पान उघडलं, शेजारी मुलीचं दहावीचं प्रमाणपत्र ठेवलं आणि बोट ठेवून दाखवलं : जन्मतारीख जुळत नाही. एका दिवसाचा फरक.

हा एक दिवस आला कुठून, ते मला मेजरांच्या आईकडून कळलं. मुलगी २००७ च्या पावसाळ्यात गडहिंग्लजच्या दवाखान्यात झाली, रात्री दोनच्या सुमारास. मेजर तेव्हा राजौरीत. आजींनी दुसऱ्या दिवशी एसटीडीवरून निरोप दिला, "गुरुवारी पोरगी झाली." आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. पहाटेच्या आत झालेलं मूल आदल्या वाराचं. आजींच्या हिशेबाने ते बरोबर होतं. मेजरांनी कंपनी क्लार्कला गुरुवारची तारीख सांगितली, तिची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेच्या नोंदीत कुटुंबाची माहिती चढवणारा आदेश, निघाली आणि तीच नोंद पुढे डिस्चार्ज बुकात आली. दवाखान्याने आणि त्यामुळे जन्मदाखल्याने शुक्रवारची तारीख घातली. शाळेत तीच गेली, आधारवर तीच. अठरा वर्षं दोन्ही नोंदी आपापल्या जागी बिनतक्रार पडून होत्या.

मेजर चिडले. "एका दिवसानं काय माझी पोरगी बदलती व्हय?" त्यांचा राग मला रास्तच वाटतो. पण दिल्लीत बसून कागद तपासणाऱ्याला घर दिसत नाही, त्याला दोन तारखा दिसतात. सेवेच्या नोंदीतली मुलगी आणि महाविद्यालयातली मुलगी एकच आहे हे त्याला कागदानेच पटवावं लागतं.

दुरुस्तीचा रस्ता असा निघाला. ज्याच्या त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, अर्ज करायचा, सोबत जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, डिस्चार्ज बुकाची प्रत आणि दोन्ही तारखा एकाच मुलीच्या आहेत व खरी कोणती हे सांगणारं प्रतिज्ञापत्र. अर्ज जिल्हा कार्यालयामार्फत पाठवायचा. कोल्हापूरच्या माणसाला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस जवळ, बेळगावात. संकेश्वरवरून गडहिंग्लजकरांना तर ते कोल्हापूरपेक्षाही जवळ पडतं. पण तोफखान्यातल्याला नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्समधल्याला पुण्याला खडकी, सिग्नलवाल्याला थेट जबलपूर. त्यामुळे आपला कागद कुठे राहतो हे घरात सगळ्यांना ठाऊक असलेलं बरं. मेजरांना स्वतः जाऊन उभं राहायचं होतं. मी आग्रहाने सांगितलं, आधी जिल्हा कार्यालयाचा आवक-जावक क्रमांक घ्या, मग हवं तर जा. हातात क्रमांक असला की विचारणा करता येते. नुसती भेट झाली, तर तिची कुठे नोंद राहत नाही.

अर्ज ऑगस्टच्या शेवटी गेला. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत साधारण वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत संपते, त्यामुळे हातात फार वेळ नव्हता. दरम्यान बाकीची तयारी केली. महाविद्यालयाचं बोनाफाईड बोर्डाच्याच नमुन्यात लागतं, संस्थाप्रमुखाच्या सहीशिक्क्यानिशी. आमचं नेहमीचं छापील बोनाफाईड त्याला चालत नाही. मग बँक खातं. मुलीचं खातं होतं, पण ते ती अज्ञान असताना आईच्या सहीवर उघडलेलं. नुकतीच अठराची झाल्याने बँकेने नव्याने केवायसी मागितली आणि ते होईपर्यंत आधार जोडणी दिसेना. शिष्यवृत्ती थेट खात्यात येते, त्यामुळे ही जोडणी नसेल तर मंजूर झालेला पैसाही अडकतो. बारावीच्या वर्षात अठरा पूर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलाचं हे होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक मुद्दा मी आधीच निकालात काढायला लावला. मुलीला राज्याची फी सवलत मिळते आहे, ती अर्जात लपवायची नाही. मेजरांच्या एका मित्राने सल्ला दिला होता, "कशाला सांगतोस, त्यांना कळत न्हाई." हा सल्ला वाईट आहे. आधार एकच, खातं एकच, दोन्हीकडचा पैसा तिथेच दिसणार. आम्ही फी सवलतीचा स्पष्ट उल्लेख करून पत्र जोडलं आणि निर्णय बोर्डावर सोडला. फौजी माणसाच्या मुलीने पहिलाच सरकारी अर्ज खोट्यावर सही करून भरावा, हे मला तरी पाहवलं नसतं. मेजरांनाही नाही पाहवलं. मित्राचा फोन त्यांनी तिथल्या तिथे बंद केला.

दुरुस्तीचा आदेश नोव्हेंबरमध्ये आला. त्याच आठवड्यात अर्ज भरला, जिल्हा कार्यालयाने पडताळून पुढे पाठवला.

चौथं दार धाकट्याचं. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत केंद्रीय सैनिक बोर्डाचं शैक्षणिक अनुदान मिळतं. संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून ते येतं आणि त्या निधीला पैसा ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाच्या संकलनातून मिळतो. मुलाने वर्ष पास केलं की मग त्या वर्षासाठी अर्ज. राज्य सरकारकडून किंवा वडिलांच्या नव्या नोकरीकडून त्याच शिक्षणासाठी मदत मिळत नसावी ही अट आहे, म्हणून मेजरांच्या बँकेकडून तसा दाखला घेतला. अनुदानाचा दर आधी महिन्याला १,००० रुपये होता, १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी तो २,००० झाला. धाकट्याचा दहावीचा अर्ज सप्टेंबरमध्येच गेल्याने त्याला जुन्या दराने १२,००० मिळतील, अकरावीपासून २४,०००.

या अनुदानाचं नाव मेजरांनी निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत कधी ऐकलंच नव्हतं. मागच्या वर्षांचे अर्ज आता होत नाहीत. दोन मुलांचे वर्षाला २४,००० रुपये, इतकी वर्षं. मी हा हिशेब त्यांच्यासमोर केला नाही. त्यांनी स्वतःच केला, माझ्या टेबलावरच्या कागदाच्या पाठीमागे, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

दरम्यान मुलगी कोल्हापुरात राहायची कुठे, हा प्रश्न लवकर सुटला. माजी सैनिकांच्या मुलींसाठी इथे सैनिकी मुलींचं वसतिगृह आहे, तिथे जागा मिळाली. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृह उभं करत गावाकडच्या मुलांना शिकायला आणलं, त्या शहरात फौजीच्या मुलीला निवाऱ्यासाठी वणवण करावी लागू नये असं मला मनापासून वाटतं. बाहेरची मेस आणि खोली यांच्या तुलनेत खर्च निम्म्याहून कमी झाला.

या सगळ्यात मेजरांनी एकदा स्वतःबद्दल विचारलं. त्यांना वकिलीला जायचं आहे. बारावी होऊन भरती झालेले, निवृत्त होताना पदवी समकक्षतेचा दाखला मिळालेला. किमान १५ वर्षांची सेवा असलेल्या मॅट्रिक झालेल्या माजी सैनिकांना तो मिळतो. त्यांना वाटलं, पदवी झालीच आहे, आता थेट तीन वर्षांचं एलएल.बी. मला सांगावं लागलं की तो दाखला गट 'क'च्या नोकऱ्यांसाठी आहे, जिथे तांत्रिक पदवी लागत नाही. महाविद्यालयात प्रवेशासाठी विद्यापीठाची पदवीच लागते. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स करता आले असते, पण आईच्या आजारपणामुळे ते आपणहून आधी बाहेर पडले, ते राहून गेलं. आपल्याकडच्या सवलतींचा आराखडा मुलं, पत्नी आणि विधवा यांच्याभोवती आहे. पस्तीस-चाळिशीत घरी आलेल्या आणि स्वतः शिकू पाहणाऱ्या सैनिकासाठी त्यात फार थोडं आहे. हे बदलायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. चाळिशीतल्या माणसापुढे अजून वीस वर्षांचं काम असतं. मेजरांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. बँकेची ड्युटी सांभाळून तेच जमण्यासारखं होतं.

मेजरांच्या शेजारी सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. तेही आले होते, त्यांचाही मुलगा पहिल्या वर्षाला. सैनिक बोर्डाची योजना त्यांना लागू नाही, कारण निमलष्करी दलं त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी गृह मंत्रालयाकडून त्याच नावाची वेगळी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे आणि अर्ज त्यांच्या दलामार्फत जातो. नाव एकच असल्याने ते जिल्हा सैनिक कार्यालयातून रिकाम्या हाताने परत आले होते आणि आपल्याला काहीच नाही असं धरून बसले होते. त्यांचा अर्ज नंतर वेळेत गेला. आणि मेजरांचा पुतण्या अग्निवीर आहे. चार वर्षांनी बाहेर पडताना त्याला सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळेल, पण माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे यातलं काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. त्याने सेवेत असतानाच इग्नूच्या कौशल्याधारित पदवीचं बघावं, असं मी सुचवलं. प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक तिथे धरले जातात.

हे लिहितेवेळी स्थिती अशी आहे. मुलीची फी सवलत मंजूर आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज पडताळणी होऊन दिल्लीला गेला आहे, यादी यायची आहे. पहिल्या सत्रात गणिताने तिला घाम फोडला, ५० टक्क्यांची अट लक्षात ठेवून तिने वसतिगृहातल्या एका दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे रोज संध्याकाळी बसायला सुरुवात केली आहे.

आणि एक काम नवं निघालं आहे. मुलीची तारीख शोधताना डिस्चार्ज बुकाचं तेच पान पाहिलं, तर वहिनींचं, म्हणजे मेजरांच्या पत्नीचं, नाव लग्नानंतर सासरी ठेवलेलं आहे. आधारवर आणि बँकेत मात्र माहेरचं. उद्या मेजरांना काही झालं तर कुटुंब निवृत्तिवेतन याच नावावर अडेल, आणि ती अडचण शिष्यवृत्तीपेक्षा फार मोठी. वहिनी म्हणाल्या, "एवढी वर्षं दोन्ही नावांनी हाका मारल्या, कुणाला अडचण झाली न्हाई." प्रतिज्ञापत्र झालं आहे, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं. जन्मदाखला त्यांचा नाहीच, म्हणून माहेरच्या गावातल्या शाळेकडे शाळा सोडल्याचा दाखला मागितला आहे. तो हातात आला की अर्ज जिल्हा कार्यालयात जाईल, आवक क्रमांक घेऊन.